पत्र पोचले, अक्षरे वाटेत राहिली

दर मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून कृषी हवामान सल्ला निघतो. पाऊस कधी, वाऱ्याचा वेग किती, सोयाबीनवर फवारणी आज करायची की दोन दिवस थांबायचे, काढणी झालेला माल कुठे ठेवायचा, हे सगळे त्यात असते. विद्यापीठ १८ मे १९७२ चे, पण सल्ल्याची ही वाट अलीकडची आहे. तो ईमेलने, व्हॉट्सॲपने, संकेतस्थळावरून पसरतो आणि वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर येतो. त्यात एक शब्द सतत भेटतो: शेतकऱ्यांनी. शेतकऱ्यांनी अमुक करावे, शेतकऱ्यांनी तमुक टाळावे.

हा शब्द एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जसाच्या तसा जावा, एवढी साधी अपेक्षा पुरी व्हायला मराठीला फार वर्षे लागली, आणि ती अजून पूर्णपणे पुरी झालेली नाही. ईमेल लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या प्रणालींनी अक्षरांचे संकेत कसे ओळखायचे आणि एका संकेतातून दुसऱ्यात कसे न्यायचे, हा प्रश्न तंत्रज्ञांचा समजला जातो. तो सेलूच्या वार्ताहराचाही आहे, मानवतच्या बाजार समितीत बसणाऱ्या लिपिकाचाही आहे आणि जुने मेल जपून ठेवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचा आहे.

मुळात ईमेल इंग्रजीसाठी जन्मली. १९८२ साली टपालाचे जे नियम ठरले त्यात प्रत्येक अक्षराला सात बिटांची जागा होती, म्हणजे १२८ चिन्हे. रोमन लिपीची मोठी आणि लहान अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला लागणाऱ्या काही खुणा एवढ्यात ते घर भरले. वाटेतले काही सर्व्हर आठवा बिट सरळ कापून टाकत. १९९२ मध्ये ‘माइम’ नावाचे नियम आले आणि त्यांनी दोन मोठ्या गोष्टी केल्या. पत्राच्या माथ्यावर ‘हा मजकूर अमुक अक्षरसंचात आहे’ असे जाहीर करण्याची सोय केली. आणि सात बिटांच्या अरुंद वाटेतून कुठलाही मजकूर सुखरूप जावा म्हणून त्याला साध्या रोमन अक्षरांत गुंडाळण्याच्या पद्धती दिल्या. त्यांतली बेस-६४ ही आजही रोज वापरात आहे.

या माथ्यावरच्या नोंदीचे महत्त्व किती, ते इतर भाषांकडे पाहिले की कळते. १९९३ च्या जूनमध्ये जपानी ईमेलच्या अक्षरसंकेताचे नियम प्रसिद्ध झाले, पुढच्याच महिन्यात रशियन लिपीच्या कोई-८ चे. ती नावे मेल प्रणालींना ठाऊक झाली. पत्र आले की प्रणाली नोंद वाचायची, तक्ता काढायची आणि मजकूर बदलून दाखवायची. नोंद चुकली असेल तर वाचणारा ‘एन्कोडिंग’च्या यादीतून योग्य नाव निवडायचा आणि गोंधळलेले पान सरळ व्हायचे. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये ती यादी होती, थंडरबर्डमध्येही होती.

मराठी माणसाने त्या यादीतले प्रत्येक नाव निवडून पाहिले तरी त्याचे पत्र सरळ होत नसे. असे का, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

भारतीय लिपींसाठी प्रमाण संकेत नव्हता असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ या भारतीय लिपींच्या तंत्राचे काम उभे केले, ते १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. ‘इस्की’ हा भारतीय लिपींचा आठ बिटी संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोचे प्रमाण झाला. त्याची मांडणी विचारपूर्वक होती: अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवायचे आणि ते पडद्यावर कसे दिसेल ते प्रणालीने ठरवायचे. पुढे युनिकोडने देवनागरीचा तक्ता आखताना इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्याचा आधार घेतला. पण गावोगावच्या डीटीपी केंद्रांत इस्की पोचला नाही. तिथे पोचले ते फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, किरण, सी-डॅकचे स्वतःचे डीव्ही-टीटी आणि डीव्हीबी-टीटी घराण्यातले सुरेख आणि योगेश. छपाईचे काम त्यांनी सुरेख केले. कागदावर उमटलेले अक्षर नेटके होते आणि दुकानदाराला तेवढेच हवे होते.

या फॉन्टांची रीत अशी, की संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच राहतो. फक्त रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा काढलेला असतो. म्हणून ईमेल पाठवणारी प्रणाली माथ्यावर प्रामाणिकपणे लिहायची, ‘मजकूर पाश्चात्त्य अक्षरसंचात आहे’. वाचणारी प्रणालीही प्रामाणिकपणे रोमन अक्षरे दाखवायची. दोन्ही प्रणालींनी नियम पाळले आणि वाचणाऱ्याच्या हाती मात्र अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी आल्या. फॉन्टचे नाव सांगणारी जागा त्या नोंदीत नव्हतीच. गट क्रमांक नसलेला सातबारा हातात यावा तशी त्या पत्रांची अवस्था होती: क्षेत्र आहे, आकार आहे, पण जमीन कुठली ते कळायला मार्ग नाही.

कृतिदेवचे उदाहरण जवळून पाहू. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्याचे नाव त्यात कसे साठते? आय, डब्ल्यू, टिंब, के, के, मोठा झेड. आय म्हणजे प. डब्ल्यू म्हणजे दुसरा उकार. टिंब म्हणजे अर्धा ण. पहिला के त्या अर्ध्या ण ला उभी रेघ देऊन पुरा करतो. दुसरा के म्हणजे खरा काना. आणि सगळ्यांच्या शेवटी मोठा झेड, तो रफार. म्हणजे एकच के शेजारी शेजारी दोन वेगळी कामे करतो आणि रफार ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्याही पुढे जाऊन बसतो.

हा क्रम टंकलेखन यंत्राचा आहे. रेमिंग्टनच्या मराठी यंत्रावर आधी ण, मग काना आणि मग डोक्यावर रफार मारावा लागे. कचेऱ्यांतले टंकलेखक त्या कळपाटावर तयार झालेले होते, त्यांची बोटे मोडू नयेत म्हणून फॉन्टवाल्यांनी तोच क्रम ठेवला. निर्णय व्यवहाराचा होता आणि त्या वेळी तो योग्यच होता. युनिकोडमध्ये मात्र पूर्णा उच्चाराप्रमाणे साठते: प, दुसरा उकार, र, पाय मोडल्याची खूण, ण, काना. कन्व्हर्टरला शेवटचा झेड उचलून काना ओलांडायचा, ण ओलांडायचा आणि तिथे र ठेवून त्याचा पाय मोडायचा असतो. जिंतूर या नावाची अडचण उलट्या दिशेची. तिथे पहिली वेलांटी ज च्या आधी साठलेली असते, तिला ज च्या मागे न्यावे लागते. आणि ‘स्थिती’सारखा शब्द आला तर वेलांटीला एक अक्षर ओलांडून भागत नाही, स्थ हे पूर्ण जोडाक्षर ओलांडावे लागते. ज्याने नुसता ‘या अक्षराच्या जागी ते अक्षर’ असा तक्ता केला त्याचा कन्व्हर्टर इथे हमखास फसतो.

त्यात वर्ड प्रोसेसरची आपोआप सुधारणा भर घाली. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करणारी सोय चालू राहिली की परभणीच्या प चा आय मोठा होई, आणि मोठा आय म्हणजे कृतिदेवमध्ये अर्धा प. अवतरणचिन्हे वळणदार करणारी सोय आणखी घातक. कृतिदेवमध्ये ष चा अर्धा भाग दुहेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर आहे आणि श चा एकेरीच्या. म्हणजे ‘कृषी’ आणि ‘शेतकरी’ हे दोन्ही शब्द अवतरणचिन्हांवर उभे! ती चिन्हे वळणदार झाली की अक्षर जाई, त्या जागी भलतेच चिन्ह येई आणि मागे नुसता काना उरे. हे नुकसान टाइप करतानाच होई, मेलमध्ये जाण्यापूर्वी. पुढे कितीही चांगला कन्व्हर्टर लावला तरी त्याला मूळ अक्षर कुठून मिळणार?

युनिकोडने ही कोंडी फोडली. पहिली आवृत्ती १९९१ ची. १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही साठवणीची रीत रचली. विंडोज २००० बरोबर देवनागरी युनिकोड सर्वसामान्य संगणकावर आले आणि त्याच्यासोबत ‘मंगल’ हा फॉन्ट, आपले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. केंद्र सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण म्हणून जाहीर केले. आता मेलच्या माथ्यावर खरी नोंद करता येऊ लागली: मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे.

नोंद खरी असूनही मजकूर बिघडतो, तो कसा? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसते. परभणी या शब्दात प, र, भ, ण आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. वाटेत कोणी माथ्यावरची नोंद गाळली आणि वाचणाऱ्या प्रणालीने ते बाइट विंडोजच्या पाश्चात्त्य तक्त्यातून वाचले, की प्रत्येक बाइटाचे एक स्वतंत्र चिन्ह होते. मग ते ओळखीचे पान दिसते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चार टोकांचे वर्तुळ किंवा जपानी येनचे चिन्ह, आणि पुन्हा तोच ए. असे पान आले म्हणून पत्र टाकून देऊ नये. बाइट शाबूत असतील तर योग्य नाव निवडताच ते सरळ होते. थंडरबर्डमध्ये आता लांबलचक यादीऐवजी मजकुराचा संकेत दुरुस्त करण्याची एकच आज्ञा आहे आणि ती हेच काम करते.

धोका आहे तो त्या बिघडलेल्या पानातून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवण्यात. भ चा तिसरा बाइट त्या तक्त्यात एका अदृश्य संयोगचिन्हाच्या जागी पडतो; चिकटवताना ते सहज गळते. ठ चा तिसरा बाइट ‘न तुटणाऱ्या’ रिकाम्या जागेवर पडतो. तिची साधी रिकामी जागा झाली की ठ गेला. पाय मोडण्याच्या खुणेचा तिसरा बाइट तर त्या तक्त्यात कोणालाच न दिलेल्या घरावर पडतो. म्हणजे ‘परभणी’तला भ, ‘मराठी’तला ठ आणि यच्चयावत जोडाक्षरे. दुरुस्ती नेहमी मूळ पत्रावर करावी, त्याच्या नकलेवर नाही, ही सूचना मी ओळखीच्या प्रत्येक वार्ताहराला करतो.

विषयाच्या ओळीची गोष्ट वेगळी आहे. तिथे देवनागरी सरळ ठेवता येत नव्हती, म्हणून ती बेस-६४ मध्ये गुंडाळून तुकड्यांनी पाठवण्याचा नियम झाला. एक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा. संकेताचे नाव आणि खुणा वजा जाता त्यात यूटीएफ-८ चे ४५ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची पंधरा चिन्हे. आता ‘वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ’ हे नाव घ्या. त्यात देवनागरीची ३२ चिन्हे आणि चार मोकळ्या जागा. एकूण बरोबर १०० बाइट. नियम सांगतो की तुकडा अक्षराच्या मध्ये तोडू नये. पण एखाद्या बेफिकीर प्रणालीने ४५ मोजून सुरी चालवली तर? ‘मरा’ पर्यंत ४४ बाइट होतात. पंचेचाळिसावा बाइट ‘मराठवाडा’तल्या ठ च्या तीन बाइटांपैकी पहिला असतो, उरलेले दोन पुढच्या तुकड्यात जातात. नव्वदाव्या बाइटवर दुसरा घाव पडतो तो ‘विद्यापीठ’च्या कान्यावर. वाचणारी प्रणाली समजूतदार असेल तर आधी तुकडे जोडते आणि मग वाचते. नसेल तर ठ च्या जागी प्रश्नचिन्हाची काळी चौकट दिसते. लांब मराठी विषय असलेल्या मेलमध्ये मधलेच एखादे अक्षर फुटलेले आपण पाहतो, त्याचे एक कारण हे आहे. इंग्रजीत एक बाइट म्हणजे एक अक्षर, त्यामुळे तिथे ही चूक दिसतच नाही आणि प्रणाली घडवणाऱ्याच्या चाचणीतून ती निसटते. मराठी विषय टाकून चाचणी घ्या, असा आग्रह आपणच धरायला हवा.

जोडलेल्या फायलींचेही तसेच. माथ्यावरची नोंद पत्राच्या मजकुराची असते, जोडलेल्या यादीच्या पोटात काय आहे ते तिला माहीत नसते. लाभार्थ्यांची नावे असलेली सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ मध्ये असते, पण सुरुवातीची ओळखखूण नसली तर एक्सेल ती दुहेरी टिचकीने उघडताना विंडोजच्या स्वतःच्या तक्त्यातून वाचते. सगळी नावे विस्कटतात आणि कोणीतरी ती पुन्हा हाताने टाइप करत बसते. एक्सेलमध्ये ‘डेटा’खालून फाइल आत घेताना यूटीएफ-८ निवडले की हे टळते.

आता पुन्हा ‘शेतकऱ्यांनी’. मराठीचा हा आडवा र हिंदीला लागत नाही, आणि म्हणूनच त्याची आबाळ झाली. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी काढता येतो. एक, ऱ हे खास अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य. दुसरी, साधा र, पाय मोडल्याची खूण, त्यानंतर एक अदृश्य जोडखूण आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कित्येक जुन्या कन्व्हर्टरांनी दुसरी रीत धरली. पुढे वाटेत एखाद्या प्रणालीने ‘अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा’ असे समजून जोडखूण काढून टाकली की उरतो साधा रफार: शेतकर्यांनी. सूर्यातला र्य शेतकऱ्यात येऊन बसतो. मराठी संकेतस्थळांवर हे रूप इतके दिसते की नव्या पिढीला ते चूक वाटेनासे झाले आहे, आणि मला याची खरोखर काळजी वाटते.

वर्तमानपत्रांच्या कामाच्या रीतीने यात भर पडली. युनिकोडमध्ये आलेली बातमी पान लावण्यासाठी जुन्या फॉन्टमध्ये नेली जाते, कारण कित्येक ठिकाणची पानमांडणी अजून त्याच फॉन्टांवर उभी आहे. मग तीच बातमी संकेतस्थळासाठी पुन्हा युनिकोडमध्ये येते. दोन वेळा नदी ओलांडताना आडवा र वाहून जातो. ॲ चे असेच झाले. तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी लोक अ ला चंद्र जोडत. दोन्ही लिखाणे आजही फिरतात आणि संगणकाला ती एकच आहेत हे कळत नाही. मेलपेटीत ‘शेतकऱ्यांनी’ शोधले तर अदृश्य जोडखुणेचे ‘शेतकऱ्यांनी’ सापडेलच याची खात्री नाही. म्हणून मेल प्रणालीने साठवलेला मजकूर तसाच ठेवावा, पण शोधताना ही सगळी रूपे एक मानावीत. त्यासाठी लागणारे नियम चार-दोनच आहेत. ते मराठी जाणणाऱ्यांनी लिहून द्यायला हवेत, दुसरे कोणी देणार नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर वाचण्याचे प्रयत्न झाले. ‘पद्म’ नावाचे एक एक्स्टेंशन मोझिलाच्या ब्राउझरला आणि मेल प्रणालीला जोडता येई. ते भारतीय फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. कल्पना अगदी योग्य होती: वाचणाऱ्याच्या दारातच परिवर्तन. पुढे मोझिलाची रचना बदलली आणि तसली जुनी एक्स्टेंशने मागे पडली. आज मजकूर नेऊन चिकटवण्याचे कन्व्हर्टर भरपूर आहेत, मात्र दहा वर्षांची मेलपेटी एकदम द्यावी आणि प्रत्येक पत्राचा फॉन्ट ओळखून ती युनिकोडमध्ये परत मिळावी, अशी सोय सामान्य माणसाच्या हातात नाही.

पत्त्याची बाजू त्या मानाने सुधारली. २०१२ मध्ये ईमेल पत्त्यातच देवनागरी वापरण्याचे नियम झाले, ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे क्षेत्रनाव सुरू झाले, त्याच महिन्यात जीमेलने असे पत्ते स्वीकारायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये जयपूरच्या एका कंपनीने भारतीय भाषांतले पत्ते देणारी ‘डेटामेल’ सेवा आणली. तरीही बहुतेक अर्जांच्या रकान्यांत मराठी पत्ता टाकला की ‘अवैध’ असा शेरा मिळतो.

परभणी जिल्ह्याला न वाचता येणाऱ्या नोंदींचा अनुभव नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. महसुली दप्तरे उर्दूत आणि मोडीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा कागद होते, पण ते वाचणारी माणसे हुडकावी लागली. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ च्या सातव्या आवृत्तीत. शंभर वर्षांपूर्वीचा मोडी कागद निदान डोळ्याला मोडी म्हणून ओळखू येतो. १९९५ ते २०१० या काळातल्या मराठी मेलमधून आलेली पत्रे, अहवाल, कवितांची हस्तलिखिते, साहित्य संमेलनांचे पत्रव्यवहार हे मात्र रोमन कचऱ्यासारखे दिसतात आणि जागा हवी म्हणून पुसले जातात. ते फॉन्ट नुसते पाहून ओळखणारी माणसे आज डीटीपीच्या दुकानांत आहेत. त्यांचे वय वाढते आहे.

ज्यांच्याकडे अशा मेलपेट्या, सीडी, पेन ड्राइव्ह आहेत त्यांनी पहिल्यांदा मूळ फायलींना हात न लावता त्यांची नक्कल करावी. फॉन्टची फाइल त्याच फोल्डरात ठेवावी आणि तिचे पूर्ण नाव साध्या कागदावर लिहून ठेवावे. नुसते ‘सुरेख’ पुरत नाही, डीव्ही-टीटी की डीव्हीबी-टीटी हेही हवे, कारण दोन्हींचे तक्ते वेगळे. त्या फॉन्टमधून एक पान छापून किंवा पीडीएफ करून ठेवले तर पुढे पडताळा घेता येतो. मग एखादे पत्र कन्व्हर्टरला द्यावे आणि परीक्षेला जिल्ह्यातलेच शब्द घ्यावेत: पूर्णा, जिंतूर, कृषी, परिस्थिती, मार्च आणि शेतकऱ्यांनी. यांतला एक जरी वाकडा आला तरी तो कन्व्हर्टर बाजूला ठेवावा, फॉन्टचे नाव पुन्हा तपासावे आणि दुसरा लावून पाहावा. मूळ फाइल मात्र परिवर्तन नीट झाले तरीही पुसू नये.